पोलादाची कुरकुर : वाफेच्या नळ्या आणि त्यांचा आवाज

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बसवनगुडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संतसाहित्य, नाट्यसंगीत, मराठ्यांचा दक्षिणेतील इतिहास अशा विषयांच्या मालिकेत वीज केंद्रातील वाफेच्या नळ्यांना जागा देण्याचे धाडस चालकांनी केले, याबद्दल प्रथम आम्ही त्यांचे आभार मानतो. विषय रुक्ष आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु या सभागृहातील निम्म्या कुटुंबांत कोणी ना कोणी इंजिनिअर निघेल, आणि उरलेल्या निम्म्यांत विजेचे बिल तरी खात्रीने येत असेल. तेव्हा हा विषय परक्याचा आहे असे म्हणण्याची सोय कोणालाच नाही.

आपण जेथे जमलो आहोत तेथून ब्यूगल रॉक पायी जाण्याइतका जवळ आहे. त्या खडकावरून पूर्वी शिंग फुंकून गावाला सावध करीत, म्हणून त्याला ते नाव पडले असे सांगतात. शिंग फुंकणारा पहारेकरी लांबचे संकट पाहून सांगत असे. आमच्या विषयात पहारेकरी नाही. येथे जी वस्तू संकटात सापडते तीच स्वतः शिंग फुंकते. मात्र इतक्या बारीक आणि इतक्या वरच्या पट्टीत, की माणसाच्या कानाला त्याचा पत्ता लागू नये.

हा केवळ अलंकार नव्हे. याच शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर १९०२ साली निर्माण झालेली वीज प्रथम ज्यांना मिळाली त्या ह्याच खाणी. तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेलेल्या त्या खाणींत वरच्या दगडाच्या ओझ्याने खडक एकाएकी फुटे आणि माणसे गाडली जात. ह्या शिलास्फोटांचा अभ्यास करण्यासाठी खडकात जागोजागी ध्वनिग्राहक बसवून त्याची बारीक तडतड टिपली जाऊ लागली. कोणत्या भागात ताण साचत आहे याचा अंदाज त्या तडतडीवरून बांधता येई. खाणी २००१ साली बंद झाल्या. पण दगड फुटण्यापूर्वी बोलतो आणि ते बोलणे मोजता येते, ही गोष्ट कर्नाटकाच्या भूमीत फार पूर्वीच अनुभवास आलेली आहे.

दगडाला जे लागू, तेच लाकडाला आणि धातूलाही. जुन्या वाड्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना रात्री कुरकुरणारी तुळई आठवत असेल. कल्हईवाला दारावर येत असे त्या काळी ज्यांनी त्याच्याजवळची कथलाची कांडी हातात घेऊन वाकवली असेल, त्यांनी धातूचे बोलणे प्रत्यक्ष ऐकले आहे. कथील वाकवताना करकरते. कांडी मोडत नाही, तिच्यावर चीरही दिसत नाही. आतील स्फटिकांचे थर एका झटक्यात कूस बदलतात, त्याचा तो आवाज असतो. पोलादही असेच करकरते, पण ते आपल्याला ऐकू येत नाही एवढाच फरक.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केलेला बरा. मडके विकत घेताना आपण टिचकी मारतो. रेल्वेच्या फलाटावर चाकांवर हातोडी मारीत जाणारा माणूस आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. तेथे आपण वस्तूला बोलते करतो. आम्ही ज्या पद्धतीविषयी बोलणार आहोत तिच्यात टिचकी नाही आणि हातोडीही नाही. आपण नळीला काही विचारायचे नाही. ती आपण होऊन काय बोलते ते ऐकत राहायचे. या पद्धतीला ध्वनि-उत्सर्जन असे नाव आहे. तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा ही दोन्ही, प्रश्न न विचारण्याच्या ह्या एका गोष्टीत आहेत.

आता नळीकडे वळू. २१० मेगावॉटचा संच हा आपल्या देशातील कित्येक वर्षांचा राबता संच. नाशिकजवळ एकलहरे, कोराडी, परळी, चंद्रपूर, आणि इकडे कर्नाटकात रायचूरजवळ शक्तिनगर, येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हे संच एकामागून एक उभे राहिले. शक्तिनगरचा पहिला संच १९८५ सालचा. असा एक संच ताशी सुमारे साडेसहाशे ते सातशे टन वाफ खातो. तिचे तापमान ५४० अंश सेल्सियसच्या आसपास, आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला १३० ते १५० किलो. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकर शिट्टी देतो तो साधारण एक किलोला, हे गृहिणींनी ध्यानात घ्यावे. ही वाफ बॉयलरमधून टर्बाइनकडे नेते ती मुख्य वाष्पनलिका. टर्बाइनच्या पहिल्या भागात काम करून वाफ पुन्हा बॉयलरमध्ये जाते, नव्याने तापते आणि कमी दाबाने, पण तितक्याच तापमानाला, अधिक रुंद नळीतून परत येते; तिला केंद्रातील लोक हॉट रीहीट लाइन म्हणतात. या नळ्यांवर जाड उष्णतारोधक आवरण आणि त्यावर चकचकीत पत्रा असतो, त्यामुळे पाहणाऱ्याला त्या निरुपद्रवी वाटतात. आवरण काढून अंधारात पाहता आले, तर ते पोलाद अगदी मंद तांबूस दिसेल.

इतक्या तापमानाला पोलाद आपला स्थायी स्वभाव सोडू लागते. मेणबत्ती उन्हाळ्याच्या दुपारी आपल्याच वजनाने हळूहळू वाकते, कोणी हात लावावा लागत नाही. तसे हे पोलाद वर्षानुवर्षे, केसाकेसाने ताणले जाते. यास क्रीप म्हणतात. पोलादाचे सूक्ष्म कण जेथे एकमेकांना भिडतात त्या सीमांवर प्रथम एकेकटी पोकळी निर्माण होते. मग पोकळ्यांची रांग लागते, रांगेतील पोकळ्या मिळून केसाएवढी चीर होते, आणि तेथून पुढचा प्रवास जलद असतो. सर्वांत दुर्बळ जागा म्हणजे वेल्डचा सांधा आणि त्याच्या दोन्ही अंगांची, वेल्डिंगच्या वेळी भाजून निघालेली अरुंद पट्टी. अशा नळ्यांचे आयुष्य रूढीने एक लाख तास धरले जाई. वर्षाचे तास ८,७६०. संच त्यांतील सात हजार तास चालला, तर सुमारे चौदा वर्षांत लाख भरतात. आपल्याकडील कित्येक संच या रेषेच्या फार पुढे गेले, आणि त्यांनी वीज दिली म्हणून आपली घरे उजळली. त्यांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. लाख तासांनंतर नळी फुटतेच असेही नाही. पण त्यानंतर तिच्याविषयी गृहीत धरण्याचा अधिकार संपतो.

अमेरिकेत नेवाडा राज्यातील मोहावी केंद्रात ९ जून १९८५ रोजी हॉट रीहीट लाइन फुटली. ती तीस इंची नळी जाड पत्रा गुंडाळून आणि लांबीच्या दिशेने वेल्ड करून घडवलेली होती. तो लांबीचा सांधाच उकलला. वाफ नियंत्रण कक्षाच्या बाजूस घुसली. सहा माणसे मृत्युमुखी पडली, दहा जखमी झाली. संच चालवण्यात त्या क्षणी कोणी काही आगळीक केली होती असे नाही. माणसे आपापल्या जागी, आपापल्या कामावर होती. ह्या अपघाताने जगभरच्या वीज अभियंत्यांची झोप उडवली, कारण अशा लांबीच्या सांध्यांतील इजा पुष्कळदा नळीच्या जाडीच्या मध्यावर सुरू होते. बाहेरून पाहावे तर पृष्ठभाग निर्मळ, आणि आत मात्र उकल चाललेली.

आपल्याकडे याबाबत कायदा नाही असे नाही. १९२३ च्या बॉयलर कायद्याने बॉयलरबरोबर वाफेच्या नळ्याही तपासणीच्या कक्षेत आणल्या होत्या. त्या कायद्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. लाख तास चाललेल्या, क्रीपच्या तापमानात काम करणाऱ्या भागांचे उरलेले आयुष्य तपासून ठरवावे, असा दंडक नियमावलीत आला. हे काम ज्या संस्था करतात त्यांत आपल्या बंगलोरची केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्था अग्रगण्य. ती १९६० साली स्थापन झाली, आणि तिचे औष्णिक संशोधनाचे केंद्र नागपूरजवळ कोराडी येथे आहे, ही गोष्ट बंगलोरच्या मराठी माणसाला विशेष आनंद देणारी आहे.

या तपासणीत मुख्य रीती दोन. एकीत नळीचा पृष्ठभाग घासून आरशासारखा करतात, त्यावर आम्ल लावतात, आणि प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर त्याचा ठसा घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दस्तऐवजावर अंगठ्याचा ठसा घ्यावा, तसाच हा पोलादाचा अंगठा. पोकळ्या मोजण्याचे याहून सुंदर साधन नाही, पण तो ठसा केवळ पृष्ठभागाचा असतो. दुसरीत श्रवणातीत ध्वनीची लहर नळीत सोडून तिचा प्रतिध्वनी ऐकतात. ही लहर आत जाते व चीर शोधते. दोन्ही रीती उत्तम आहेत, आणि दोहोंना संच बंद करावा लागतो, नळी थंड होऊ द्यावी लागते, आवरण उतरवावे लागते, पाडाव बांधावा लागतो. शेकडो मीटर नळीचे सगळे आवरण कोणी उतरवत नाही. काही सांधे निवडायचे आणि तेवढे तपासायचे. मग प्रश्न उरतो तो हा, की कोणते निवडायचे?

ध्वनि-उत्सर्जनाचा खरा उपयोग या प्रश्नाशी आहे. म्यूनिकच्या जोझेफ कायझर यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात धातूंवर ताण देऊन त्यांचे आवाज पद्धतशीर टिपले. एकदा विशिष्ट भारापर्यंत ताणलेला धातू पुन्हा ताणला, तर त्या भारापर्यंत तो गप्प राहतो आणि तो ओलांडताच बोलू लागतो, असे त्यांना आढळले. धातूला मागचे सोसणे आठवते, असेच म्हणा ना! आणि आधीच्या भारापर्यंत पोचण्यापूर्वीच जर तो बोलू लागला, तर आत इजा झाली आहे असे समजावे. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या वीज संशोधन संस्थेने मोहावीसारख्या सांधलेल्या नळ्यांवर, चालू संचावर, ही पद्धत वापरून तिची मार्गदर्शिका तयार केली. भारतात कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आणि आपल्या शहरातील भारतीय विज्ञान संस्था येथे या विषयावर दीर्घकाळ काम झाले आहे. पुढे बंगलोरच्याच राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेचे संचालक झालेले डॉ. बलदेव राज यांनी कल्पाक्कम येथे अविनाशी परीक्षणाची जी परंपरा उभी केली, तिचे ऋण या क्षेत्रातील प्रत्येकावर आहे.

आता कान कसे बसवतात ते सांगतो. भिंतीला कान असतात ही म्हण आहे. नळीला ते मुद्दाम लावावे लागतात. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपलीकडे बहिरा. पोलादातील चिरेचा आवाज टिपायचा तो साधारण एक लाख ते तीन लाख कंपनांच्या पट्टीत. टिपणारा स्फटिक हे काम चोख करतो, पण ५४० अंशांच्या नळीवर बसवला तर तो स्वतःच निकामी होईल. म्हणून नळीला पोलादाची एक सळई जोडतात, ती आवरणाच्या बाहेर काढतात आणि तिच्या गार टोकावर स्फटिक बसवतात. ठराविक अंतरांवर अशा सळया लावल्या, की नळी कोठे बोलली तेही समजते. समजा, दोन सळयांमध्ये सहा मीटरांचे अंतर आहे आणि आवाज पोलादातून सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर वेगाने धावतो. एका टोकाला तो दुसऱ्यापेक्षा सेकंदाच्या दहाहजारांश भागाच्या चौपट वेळ आधी पोचला. म्हणजे दोन वाटांत एक मीटर वीस सेंटिमीटरचा फरक पडला, आणि उगम मध्यापासून साठ सेंटिमीटर, पहिल्या सळईच्या बाजूला. आपले दोन कान हाक कोणत्या दिशेने आली ते याच हिशेबाने ओळखतात. फक्त त्यांना गणित मांडावे लागत नाही. शंभर मीटर नळीतून अशा रीतीने हातभर जागा निवडता आली, तर आवरण कोठे उतरवायचे या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

येथपर्यंत सर्व गोमटे आहे. यंत्र विकणाऱ्यांची माहितीपत्रके साधारणपणे येथेच संपतात.

वीज केंद्र ही शांत जागा नव्हे. वाफ स्वतः गर्जत वाहते. नळी तापून कित्येक सेंटिमीटर लांबते, तेव्हा तिला टांगून धरणाऱ्या स्प्रिंगा आणि कड्या घासतात. आवरणावरचा पत्रा कुरकुरतो. व्हॉल्व्ह किंचित गळू लागला तर अखंड सूं सूं चालू राहते. वाहत्या वाफेचा गोंगाट वरच्या पट्टीत क्षीण होत जातो, म्हणून तर लाखाच्या वर ऐकायचे. पण घासण्याचा आवाज वरच्या पट्टीतही येतो. याहून फसवी गोष्ट म्हणजे नळीच्या आतील गंजाचा थर. वाफेने पोलादावर धरलेला हा ठिसूळ थर तापमान बदलले की तडकतो, आणि त्याची तडतड खऱ्या चिरेच्या बोलण्याशी इतकी मिळतीजुळती असते, की नवशिक्याची हटकून फसगत व्हावी. उलट खरी क्रीपची इजा पुष्कळदा अतिशय हळू बोलते. काच तडकते तेव्हा आवाज होतो; कणीक ताणली तर होत नाही. नळीचे पोलाद या दोहोंच्या मधले, आणि चांगले पोलाद कणकेच्या बाजूचे. ते फार सोशिक असते. सोशिक माणसाचे दुखणे उशिरा कळते, तसेच येथेही होते.

कायझर यांचा नियमही क्रीपमध्ये जसाच्या तसा चालत नाही, कारण येथे भार न वाढताही काळ आपले काम करीत असतो. सबब एखाद्या दिवशी ऐकून निकाल देता येत नाही. आठवडेच्या आठवडे ऐकावे लागते. संचाचा भार चढताना, उतरताना, स्थिर असताना कोणती जागा बोलते, त्याच कारणाने तीच जागा पुन्हा बोलते काय, आणि महिन्यामहिन्याने तिचे बोलणे वाढते काय, हे वहीत मांडावे लागते.

आणि जी जागा गप्प आहे ती निरोगी आहे, असे समजण्याचा मोह तर कटाक्षाने टाळला पाहिजे. जपानमधील मिहामा अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या संचात ९ ऑगस्ट २००४ रोजी जी नळी फुटली तिच्यात क्रीपचा संबंध नव्हता. ती अणुभट्टीपासून वेगळ्या असलेल्या मंडलातील गरम पाण्याची नळी होती. पाण्याच्या प्रवाहाने तिची दहा मिलिमीटरची भिंत आतून झिजत झिजत दीड मिलिमीटरांहूनही पातळ झाली होती. ही झीज वर्षानुवर्षे निमूटपणे चालते. चिरेसारखी तडतड ती करीत नाही. ती जागा तपासणीच्या यादीतून सुटलेली होती आणि संच १९७६ साली सुरू झाल्यापासून तिची जाडी मोजलीच गेली नव्हती. पाच माणसे गेली, सहा भाजली. वार्षिक तपासणीच्या तयारीसाठीच ती माणसे तेथे आली होती, हे वाचून आमचे मन फार खिन्न झाले होते. अशा ठिकाणी जाडी मोजण्याचे साधे उपकरण घेऊन जाणारा माणूस हवा; हजार कान लावले तरी त्याची जागा ते घेणार नाहीत.

एक अनुभव सांगतो. केंद्राचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. थंडीचे दिवस होते, रब्बीचे पंप चालू होते, आणि एकही संच बंद ठेवणे परवडण्यासारखे नव्हते. चाचणी म्हणून हॉट रीहीट लाइनवर सळया लावलेल्या होत्या. रोज सायंकाळी भार चढू लागला की दोन जागा बोलत. एक लांबच्या टांगणीजवळची. दुसरी जेथे दोन नळ्या मिळून एक होते त्या वाय-पीसच्या सांध्याजवळची. तीन आठवड्यांत दुसरीचे बोलणे वाढलेले दिसले. बैठक बसली. संच बंद करावा तर भारनियमन वाढणार, आणि उद्या तेथे काहीच निघाले नाही तर ह्या यंत्रावर पुन्हा कोणी विश्वास ठेवणार नाही. बंद न करावा तर जबाबदारी कोणाची? त्या नळीखालची मोकळी जागा उबदार असे, म्हणून कंत्राटी कामगार दुपारी तेथे डबे सोडून बसत. बैठकीत पहिला निर्णय झाला तो त्या जागेविषयी: तेथे दोर बांधून रस्ता बंद करावा. कामगारांनी कुरकुर केली, पण पाळी-प्रमुखाने ऐकले नाही. दुसरा निर्णय, संचाचा भार उतरवून तापमान थोडे खाली ठेवावे आणि नियोजित बंदची तारीख अलीकडे आणावी. आवरण उतरवल्यावर टांगणीजवळ निघाली ती घासणारी कडी. चीर मुळीच नव्हती. वाय-पीसच्या सांध्यालगत मात्र श्रवणातीत लहरीने चीर दाखवली, आणि तो सांधा कापून नवा घालावा लागला.

दोन संशयितांपैकी एक निर्दोष सुटला. व्यवस्थापनातील काहींनी याला यंत्राचे अपयश म्हटले. आमचे मत तेव्हाही वेगळे होते आणि आजही आहे. यंत्राने ‘येथे पाहा’ एवढेच सांगायचे असते. तेथे काय आहे हे पाहणाऱ्याने सांगायचे, आणि पाहीपर्यंत त्या नळीखाली माणसे बसू द्यायची की नाही, हे अधिकारावर असलेल्याने ठरवायचे. ही तीन कामे तीन वेगळ्या माणसांची आहेत. ती एकाच पडद्यावरच्या लाल दिव्यावर सोपवली, की त्या दिव्याची भीती तरी वाटू लागते नाहीतर सवय तरी होऊन जाते. आमच्या पाहण्यात सवयच अधिक वेळा झाली.

चिरेपेक्षा गळतीचे ऐकणे सोपे. बॉयलरच्या आत एखाद्या ट्यूबला सुईएवढे भोक पडले तरी वाफेच्या झोताचा आवाज भट्टीच्या गर्जनेतून वेगळा काढता येतो, आणि मोठ्या संचांवर असे ध्वनिग्राहक आता रूढ झाले आहेत. एक गळकी ट्यूब शेजारच्या ट्यूबांवर झोत मारून त्यांनाही कापते. म्हणून काही तास आधी कळणे म्हणजे कित्येक ट्यूबा वाचवणे होय. बाहेरच्या नळीची गळती तर आणखी कपटी. गांधी बाजारात इडलीच्या भांड्यातून जे पांढरे निघते त्याला आपण वाफ म्हणतो, पण ते पाण्याचे बारीक थेंब. खरी कोरडी वाफ दिसतच नाही. शंभर किलो दाबाची अदृश्य वाफ माणसाला सुरीसारखी कापते. जुन्या काळी आगबोटींवर गळती शोधणारे लोक लांब काठी किंवा झाडू पुढे धरून चालत आणि काठीचे टोक उडाले की थबकत. आज त्या काठीचे काम हातात धरता येणारा श्रवणातीत ध्वनीचा ग्राहक दहा-पंधरा पावलांवरून करतो. ही प्रगती आम्हांस फार मोलाची वाटते, कारण तिने वाचवलेला हात कोणाचा आहे ते सहज डोळ्यांपुढे येते.

आता या विषयाला एक नवी निकड आली आहे, आणि ती सूर्याकडून आली आहे. तुमकूर जिल्ह्यातील पावगड येथे २,०५० मेगावॉटचे सौर उद्यान उभे आहे. गच्च्यांवरही सौर पट्ट दिसू लागले. दुपारी ही वीज मुबलक असते, सायंकाळी एकदम नाहीशी होते. ती खिंड औष्णिक संचांनी भरून काढायची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी कोळशाच्या संचांना दुपारी क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत उतरता आले पाहिजे, असे सांगितले आहे. जे संच वर्षानुवर्षे एका लयीत चालावेत म्हणून घडवले, त्यांनी आता रोज चढायचे आणि रोज उतरायचे. जाड नळीची आतली बाजू आधी तापते, बाहेरची मागाहून. दोहोंच्या ओढाताणीत पोलाद थकते. क्रीपने पोखरलेल्या सांध्याला हा रोजचा थकवा जोडला, की जुने लाख तासांचे गणित अपुरे पडते. नळी सर्वांत अधिक बोलते तीही चढउताराच्याच वेळी, आणि गोंगाटही त्याच वेळी सर्वाधिक. म्हणजे ऐकणाऱ्याचे काम दुप्पट अवघड झाले, आणि दुप्पट गरजेचेही.

नव्या संचांची गोष्ट निराळी आहे, पण सोपी नव्हे. कोराडीचे ६६० मेगावॉटचे संच याच प्रकारचे. अशा सुपरक्रिटिकल संचांत सुमारे नऊ टक्के क्रोमियमचे पोलाद वापरतात. ते अधिक बळकट, म्हणून नळीची भिंत पातळ ठेवता येते. त्याचा दोष सांध्यालगतच्या मऊ पट्टीत, पुष्कळदा पृष्ठभागाखाली, सुरू होतो. ठसा घेऊन तो वेळेवर सापडेलच असे नाही. या पोलादावर सळई वेल्ड करायची तर आधी ते तापवून घ्यावे लागते आणि नंतर ठरलेल्या तापमानाचा उष्णतासंस्कार द्यावा लागतो. तो चुकला, तर कान बसवता बसवता नळीला नवा व्रण करून ठेवल्यासारखे होईल. यास्तव हे काम घाईच्या बंदमध्ये उरकू नये. मोठ्या ओव्हरहॉलमध्ये करावे, किंवा सळई वेल्ड न करता पट्ट्याने आवळावी. कोराडीचे हे संच २०१५ पासून पुढे सुरू झाले. लाख तासांचा टप्पा त्यांच्यापुढे आहे. नळी निरोगी असताना कशी बोलते याची नोंद त्यांच्याकडून आजच घेता येते. एकलहऱ्याच्या किंवा शक्तिनगरच्या जुन्या नळ्यांची तशी नोंद घेण्याची वेळ केव्हाच निघून गेली आहे.